सिक्युअर बूट बंद असेल तर वेबसाइट अडवू शकते का? कारण कसं शोधायचं आणि सिक्युअर बूट न बिघडवता कसं सुरू करायचं

क्रोम, फायरफॉक्स किंवा एजमध्ये उघडलेल्या साध्या वेबसाइटला तुमच्या संगणकाचं सिक्युअर बूट (चालू होताना मान्य सहीचाच प्रोग्राम पुढे जाऊ देणारी सोय) सुरू आहे की बंद, हे दिसत नाही. प्रोसेसरला कोअर किती, ग्राफिक्स कार्ड कोणतं, स्क्रीन केवढी, अशा गोष्टी ब्राउझर पानाला कळू देतो. फर्मवेअरमधली, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममधली, सेटिंग त्यात नसते आणि ती वाचायची सोय जावास्क्रिप्टमध्ये नाही.

तरीही सिक्युअर बूट बंद असल्यामुळे ऑफिसचं मेल किंवा कंपनीचं पोर्टल ब्राउझरमध्ये उघडत नाही, असं घडतं. अशा वेळी साइट आणि तुमचं फर्मवेअर यांच्या मधे कुणीतरी तिसरा निरोप्या असतो. तो कोण आहे हे आधी शोधा आणि मगच बायोसमध्ये शिरा. उलट क्रमाने गेलात तर साइट उघडत नाहीच, वर बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ आकडी किल्ली शोधत बसावं लागतं.

(या लेखात आज्ञा आणि बटणांची नावं देवनागरीत दिली आहेत. आज्ञा टाइप करताना ती अक्षरं आणि आकडे इंग्रजीत टाका.)

नेमकं काय तपासलं जातं

संगणक चालू होताना पहिल्यांदा जागं होतं ते फर्मवेअर, ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो. सिक्युअर बूट सुरू असेल तर मान्य किल्लीची सही असलेला बूटलोडरच, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रामच, ते पुढे जाऊ देतं. मान्य किल्ल्यांची यादी डीबी आणि बाद ठरवलेल्यांची डीबीएक्स, या दोन्ही मदरबोर्डवरच साठवलेल्या असतात. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत ही सोय घरोघरच्या लॅपटॉपवर आली.

हे झालं दार राखणं. दाराशी काय घडलं याची नोंद ठेवण्याचं काम टीपीएम या सुरक्षा चिपचं. तिच्यात पीसीआर नावाचे कप्पे असतात. बूटच्या प्रत्येक टप्प्याचं मोजमाप आधीच्या नोंदीत मिसळून तिथे लिहिलं जातं. मागची नोंद खोडता येत नाही, संगणक रीस्टार्ट झाल्यावरच पाटी कोरी होते. सिक्युअर बूट चालू होतं का आणि कोणत्या किल्ल्या मान्य होत्या, हे पीसीआर ७ मध्ये उतरतं.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. एखादा प्रोग्राम विंडोजला विचारून 'सिक्युअर बूट चालू आहे' असं सर्व्हरला कळवतो, ते नुसतं सांगणं झालं. संगणकात आधीच घुसलेला व्हायरस तेच वाक्य खोटं सांगू शकतो. पुरावा वेगळा असतो. सर्व्हर एक नवा, आधी न वापरलेला आकडा पाठवतो. टीपीएम तो आकडा आणि पीसीआरच्या नोंदी यांवर मिळून सही करते, आणि ती सही खऱ्या चिपचीच आहे हे सर्व्हर सर्टिफिकेटवरून पडताळतो. आकडा दर वेळी नवा असल्यामुळे कालची सही आज चालत नाही. याला अटेस्टेशन म्हणतात.

माहिती साइटपर्यंत पोचण्याच्या वाटा

पहिली वाट म्हणजे संगणकावर बसवलेला मदतनीस प्रोग्राम. महाराष्ट्रातल्या कोणत्याही करसल्लागाराच्या टेबलावर याचं उदाहरण दिसेल. जीएसटी पोर्टल तुमच्या यूएसबी टोकनमधली डिजिटल सही स्वतः वाचू शकत नाही. म्हणून एमसाइनर बसवावं लागतं. ते तुमच्याच संगणकावर १२७.०.०.१ या पत्त्याच्या १५८५ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत बसतं आणि पोर्टलचं पान त्याच्याशी बोलतं. आधारच्या बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांची आरडी सर्व्हिसही अशीच १११०० ते १११२० या पोर्टांमधून चालते. हे दोन्ही प्रोग्राम सिक्युअर बूट तपासण्यासाठी नाहीत. पण एखाद्या साइटला तुमची बूट स्थिती हवीच असेल तर ती अशाच मार्गाने मागेल, म्हणजे आधी काहीतरी डाउनलोड करून बसवायला सांगेल. प्रशासकाचे अधिकार मागणारा असा प्रोग्राम बसवण्यापूर्वी तो कशासाठी लागतो, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुसरी वाट ऑफिसच्या ताब्यातल्या लॅपटॉपची, आणि 'सिक्युअर बूटमुळे साइट अडली' हे आज खरोखर घडतं ते बहुतांशी इथेच. मायक्रोसॉफ्टच्या इंट्यूनमध्ये (कंपनीचे लॅपटॉप सांभाळण्याच्या सेवेत) 'सिक्युअर बूट सुरू असलंच पाहिजे' असा नियम लावता येतो. लॅपटॉप त्या नियमात बसला नाही की त्याच्यावर 'नॉन-कम्प्लायंट' असा शिक्का पडतो. मग एन्ट्रा आयडीचं (मायक्रोसॉफ्टच्या ओळख तपासणाऱ्या सेवेचं) कंडिशनल अ‍ॅक्सेस साइन-इनच्या वेळी तो शिक्का पाहून दार लावतं. म्हणजे आउटलुकच्या किंवा शेअरपॉइंटच्या वेबपानाला तुमचं फर्मवेअर दिसलेलं नसतं. ओळख तपासणाऱ्या सर्व्हरने शिक्का पाहिलेला असतो. कंपनीच्या ताब्यातला क्रोमही डिव्हाइस ट्रस्टच्या सोयीतून विंडोजवरची सिक्युअर बूटची स्थिती लॉगिनच्या सर्व्हरला कळवू शकतो.

तिसरी वाट वेबसाइटची नाहीच, पण तिच्यामुळे गोंधळ होतो. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं. २०२५ च्या बॅटलफील्ड ६ लाही सिक्युअर बूट लागतं. हे संगणकावर बसवलेले गेम आहेत, ते विंडोजला थेट विचारू शकतात. अँड्रॉइडवर बँकेची अ‍ॅप्स गूगलच्या प्ले इंटिग्रिटी या तपासणीतून फोनचा बूटलोडर उघडा आहे का ते पाहू शकतात, तोही अ‍ॅपचा प्रकार. गेम अडला म्हणून त्याच संगणकावर नेटबँकिंगही अडेल, असं समजू नका.

उघड्या वेबवर असं काही आणायचा प्रयत्न झालेला आहे. २०२३ च्या जुलैत गूगलच्या अभियंत्यांचा वेब एन्व्हायर्नमेंट इंटिग्रिटी हा प्रस्ताव चर्चेत आला. समोरचा ब्राउझर आणि संगणक भरवशाचा आहे का, हे साइटला तिसऱ्याकडून सहीनिशी कळावं अशी ती कल्पना होती. मोझिलाने, ब्रेव्हने, विवाल्डीने कडाडून विरोध केला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगलने तो मागे घेतला. विरोध योग्यच होता. अशी सोय एकदा रुळली की लिनक्स वापरणारा, जुना लॅपटॉप वापरणारा, स्वतः बांधलेला ब्राउझर वापरणारा, हे सगळे काहीही गैर न करता बाहेर राहिले असते. अ‍ॅपलने २०२२ मध्ये आणलेली प्रायव्हेट अ‍ॅक्सेस टोकन्स आजही चालू आहेत. पण त्यांतून साइटला उपकरण अस्सल असल्याची एक निनावी पावती मिळते, बूटची स्थिती मिळत नाही, आणि त्यांचा उपयोग मुख्यतः कॅप्चा टाळण्यासाठी होतो.

अडलं कुठे, ते पाच मिनिटांत शोधा

साइट अडली की निरोप शब्दशः वाचा. 'तुमचा ब्राउझर चालत नाही' किंवा 'प्रवेश नाकारला, ४०३' एवढंच असेल तर सिक्युअर बूटचा संबंध जवळपास नसतोच. व्हीपीएन बंद करून, दुसऱ्या ब्राउझरमध्ये, मग फोनच्या डेटावर उघडून पाहा.

मायक्रोसॉफ्टच्या साइन-इनवर अडलं असेल तर त्या पानावर 'मोअर डिटेल्स' असा दुवा असतो. तो उघडा. आत अ‍ॅपचं नाव, आयपी पत्ता आणि त्यांच्याच रांगेत 'डिव्हाइस आयडेंटिफायर' आणि 'डिव्हाइस स्टेट' या ओळी दिसतील. सगळं निदान या दोन ओळींत आहे.

डिव्हाइस आयडेंटिफायरपुढे 'नॉट अव्हेलेबल' आणि स्टेटपुढे 'अनरजिस्टर्ड' दिसत असेल तर ब्राउझरने लॅपटॉपची ओळखच पुढे पाठवलेली नाही. अशा वेळी सिक्युअर बूटला हातही लावू नका. एजमध्ये ऑफिसच्या प्रोफाइलने साइन-इन करून पाहा. क्रोममध्ये मायक्रोसॉफ्ट सिंगल साइन ऑन हे एक्स्टेंशन लागतं किंवा कंपनीने तशी पॉलिसी लावलेली असावी लागते. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या प्रायव्हसी विभागात विंडोज सिंगल साइन-ऑनला परवानगी देणारा चौकोन आहे, त्यात टिक करा. इनकॉग्निटो खिडकीत ओळख जात नाही, त्यामुळे चाचणी तिथे करू नका. 'सिक्युअर बूटमुळे अडलं' अशा तक्रारींपैकी पुष्कळ इथेच मिटतात.

आयडेंटिफायर भरलेला असेल आणि त्रुटी क्रमांक ५३००० असेल तर लॅपटॉप ओळखला गेला आहे, पण नियमात बसलेला नाही. कोणता नियम मोडला ते कंपनी पोर्टल या अ‍ॅपमध्ये लॅपटॉपच्या नावावर क्लिक केल्यावर कळतं. तिथे सिक्युअर बूटचं नाव असेल तरच पुढे चला. एन्क्रिप्शन किंवा जुनं विंडोज हेही कारण असू शकतं.

सध्याची स्थिती पाहणं

विंडोजमध्ये विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा आणि एमएसइन्फो३२ टाइप करा. उघडलेल्या यादीत 'बायोस मोड' आणि 'सिक्युअर बूट स्टेट' अशा दोन ओळी आहेत. मोड यूईएफआय (फर्मवेअरची नवी पद्धत) आणि स्टेट ऑन असेल तर काम झालेलं आहे. मोड यूईएफआय आणि स्टेट ऑफ असेल तर फक्त एक सेटिंग बदलायची आहे. मोड लेगसी (जुनी पद्धत) असेल तर आधी डिस्कची मांडणी बदलावी लागेल. टीपीएम पाहायला त्याच रन खिडकीत टीपीएम.एमएससी टाका आणि स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० आहे ना, ते बघा. इंट्यूनचा सिक्युअर बूटचा नियम टीपीएम २.० नसलेल्या यंत्राला नापास दाखवतो, त्यामुळे अशा यंत्रावर सिक्युअर बूट सुरू करूनही उपयोग होत नाही.

लिनक्सवर टर्मिनलमध्ये मोकयूटिल (एम-ओ-के-यू-टी-आय-एल) ही आज्ञा, पुढे जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि एसबी-स्टेट. टर्मिनल नको असेल तर नव्या ग्नोममध्ये सेटिंग्जच्या प्रायव्हसी विभागातल्या डिव्हाइस सिक्युरिटीत तीच माहिती आहे.

विंडोजमध्ये सुरू करणं

लॅपटॉप कंपनीचा असेल तर आधी आयटी विभागाला विचारा. फर्मवेअरला पासवर्ड असेल तर तसंही तुम्हाला आत जाता येणार नाही.

पहिलं काम बिटलॉकरचं. बिटलॉकरची किल्ली साधारणपणे पीसीआर ७ आणि ११ यांना बांधलेली असते. सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की पीसीआर ७ बदलतो, टीपीएम किल्ली सोडत नाही आणि निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. म्हणून ती आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून किंवा ऑफिसकडून घेऊन कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपवर फोटो काढून ठेवलात तर ऐन वेळी तो उघडणार नाही. विंडोज प्रो असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या बिटलॉकरमध्ये जाऊन 'सस्पेंड प्रोटेक्शन' करा. होम आवृत्तीत ते बटण मिळत नाही, तिथे कागदावरची किल्लीच आधार.

बायोस मोड लेगसी असेल तर डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची आहे. ती जीपीटी या नव्या मांडणीची करायला विंडोज १० आणि ११ मध्ये एमबीआर२जीपीटी हे साधन आहे. महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. मग प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाउफुलओएस चालवा. तपासणी पास झाली तरच व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट घालून पुन्हा चालवा. तपासणी नापास होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन, किंवा एक्स्टेंडेड पार्टिशनमध्ये केलेली डी आणि ई ड्राइव्ह. दुकानात विंडोज टाकून घेतलेल्या जुन्या डेस्कटॉपवर ही मांडणी हमखास सापडते. त्या ड्राइव्हमधला डेटा हलवून पार्टिशन काढल्याशिवाय हे साधन पुढे जात नाही.

आता फर्मवेअरमध्ये जा. सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, अ‍ॅडव्हान्स्ड स्टार्टअप, रीस्टार्ट नाऊ. मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. नाहीतर चालू होताना डेलवर एफ२, एचपीवर एफ१०, थिंकपॅडवर एफ१, डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर बहुधा डिलीट.

आत क्रम असा ठेवा. आधी बूट विभागात सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय) बंद करा, सेव्ह करून बाहेर पडा आणि विंडोज नीट सुरू होतं ते पाहा. मग परत येऊन सिक्युअर बूट एनेबल करा. दोन्ही एका फटक्यात बदललं आणि पडदा काळा राहिला तर चूक कशात झाली ते कळत नाही. एसूसच्या बोर्डवर ओएस टाइप 'अदर ओएस' वरून 'विंडोज यूईएफआय मोड' करावं लागतं.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ती जागा आता येते. सिक्युअर बूट 'एनेबल्ड' दिसतं, पण शेजारी 'नॉट अ‍ॅक्टिव्ह' असतं आणि विंडोजमध्ये स्टेट ऑफच राहते. तिथेच 'सिस्टम मोड' अशी ओळ शोधा. ती 'सेटअप' दाखवत असेल तर बोर्डवर मुख्य किल्लीच नाही, म्हणजे कुलूप लावलंय पण किल्ली कुणाचीच ठरलेली नाही. 'रिस्टोअर फॅक्टरी कीज' किंवा 'इन्स्टॉल डिफॉल्ट सिक्युअर बूट कीज' निवडा, होय म्हणा, सेव्ह करा. मोड 'यूझर' झाला की अ‍ॅक्टिव्ह होतं.

सीएसएम बंद केल्यावर स्क्रीनवर काहीच येत नसेल तर ग्राफिक्स कार्ड जुनं आहे आणि त्याच्या रॉममध्ये यूईएफआयची सोय नाही. बंद करून, प्लग काढून, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल काही मिनिटं बाहेर ठेवा. सेटिंग मूळपदावर येतात. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर केबल त्या पोर्टला लावून काम पुढे नेता येतं. टीपीएमची सेटिंग मात्र 'क्लिअर' करू नका. तिच्यासोबत विंडोज हॅलोचा पिनही जातो.

लिनक्सवाल्यांसाठी

सिक्युअर बूट म्हणजे फक्त विंडोज, हा समज जुना झाला. उबंटू, फेडोरा आणि २०१९ च्या आवृत्ती १० पासूनचं डेबियन, मायक्रोसॉफ्टची सही असलेल्या शिम या छोट्या बूटलोडरमार्फत सिक्युअर बूट चालू ठेवून सुरू होतात. अडचण येते ती बाहेरून बांधलेल्या मॉड्यूलांची, म्हणजे एनव्हिडियाचा ड्रायव्हर किंवा व्हर्च्युअलबॉक्स. त्यांच्यावर तुमच्याच किल्लीची सही लागते आणि ती किल्ली मोक यादीत (संगणकाच्या मालकाने मान्य केलेल्या किल्ल्यांच्या यादीत) नोंदवावी लागते.

ड्रायव्हर बसवताना उबंटू निदान ८ अक्षरांचा पासवर्ड मागतो. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो आणि कोणतंही बटण दाबायला जेमतेम १० सेकंद देतो. एनरोल मोक, कंटिन्यू, येस, तोच पासवर्ड, रीबूट. ते १० सेकंद चुकले की विनंती रद्द होते आणि ड्रायव्हर चालत नाही, मग नोंदणी पुन्हा सुरू करावी लागते. त्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो, तेव्हा पासवर्डात चिन्हं न घालता साधी अक्षरं आणि आकडे ठेवा.

सिक्युअर बूट सुरू असताना उबंटू आणि फेडोराचं कर्नल हायबरनेट करू देत नाही, हे आधीच माहीत असू द्या.

विंडोज आणि लिनक्स शेजारी नांदत असतील तर लिनक्सचं शिम ताजं ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुनी शिम बाद ठरवली आणि अनेकांचं लिनक्स एसबॅट तपासणीची (बूटलोडरची आवृत्ती बाद झाली आहे का, या तपासणीची) त्रुटी दाखवून थांबलं. यावर उपाय असा: सिक्युअर बूट तात्पुरतं बंद, लिनक्समध्ये सगळी अपडेट, मग पुन्हा सुरू. मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या सर्टिफिकेटांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते आणि त्यांच्या जागी २०२३ ची येतात. मुदत संपली म्हणून चालू संगणक बंद पडत नाही, पण बूटच्या भागांना नवी सुरक्षा अपडेट मिळणं थांबतं. म्हणून विंडोज अपडेट आणि लॅपटॉप कंपनीचं बायोस अपडेट दोन्ही लावून घ्या.

स्वतःच्या किल्ल्या बसवणाऱ्यांनी एसबीसीटीएल हे लिनक्सवरचं साधन वापरताना मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या सोबत ठेवणारा एम हा पर्याय विसरू नये. काही ग्राफिक्स कार्डांच्या रॉमवर मायक्रोसॉफ्टचीच सही असते. ती किल्ली नसेल तर पडदाही येत नाही, आणि काही लॅपटॉप त्यातून परत उठलेले नाहीत.

सुरू केलं, तरी साइट अडतेच

पुरावा बूटच्या वेळचा असतो. त्यामुळे 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणं पुरत नाही: फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजचा गाभा झोपेतून उठतो, नव्याने सुरू होत नाही. 'रीस्टार्ट'च करा. मग सेटिंग्ज, अकाउंट्स, अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल, तुमचं खातं, इन्फो, सिंक. कंपनी पोर्टलमध्ये शिक्का बदलेपर्यंत थांबा, ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा आणि पुन्हा साइन-इन करा. तासाभरानेही शिक्का तसाच असेल तर आयटी विभागाला एमएसइन्फो३२ चा आणि 'मोअर डिटेल्स'चा, असे दोन्ही स्क्रीनशॉट पाठवा.

साइट चालवणाऱ्यांना दोन शब्द

सिक्युअर बूट सुरू आहे म्हणजे बूटलोडरवर सही होती, एवढंच सिद्ध होतं. त्यानंतर ब्राउझरमध्ये शिरलेलं पासवर्ड चोरणारं एक्स्टेंशन त्याला दिसत नाही. स्वतःच्या किल्ल्या बसवलेला संगणकही 'ऑन'च सांगतो, फरक पाहायचा तर पीसीआर ७ च तपासावा लागतो. सर्व्हर रूमच्या प्रशासकीय पॅनेलसाठी, कंपनीच्याच लॅपटॉपवर, ही अट रास्त आहे. वीजबिल, शाळाप्रवेश, सातबारा, बँक अशा सार्वजनिक साइटवर ती लावू नका. तिथे खरा धोका बनावट पानाचा असतो आणि त्याला पासकी (पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात ठेवलेली लॉगिनची किल्ली) थेट उत्तर देते, कारण पासकी मूळ साइटच्या पत्त्याशीच बांधलेली असते. अट लावलीच तर अडवणाऱ्या पानावर कोणती अट मोडली, त्रुटी क्रमांक काय आणि काम करून घ्यायची दुसरी वाट कोणती, हे तिन्ही मराठीत छापा.